जमल्यास जावे

रविवारी रात्री साडेनऊला आमच्या सोसायटीतले सगळे मोबाइल एकदम वाजतात आणि घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, ‘अप्पांची यादी आली.’ सोमवार ते रविवार पुण्यात गाण्याचं, नाटकाचं, सिनेमाचं आणि चित्रांचं जे काही आहे ते सगळं या यादीत असतं. वार, वेळ, ठिकाण आणि शेवटी अप्पांचा शेरा. अप्पा तिला शिफारस म्हणतात. वाचणाऱ्याला ती नोटीस वाटते.

अप्पा एका बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. म्हणजे बँकेने त्यांना निवृत्त केलं. त्यांच्यातल्या तपासनिसाला अजून तसं पत्र मिळालेलं नाही. उभी हयात त्यांनी गावोगावच्या शाखांत न कळवता जाऊन कपाटांच्या किल्ल्या आणि व्हाउचरं तपासण्यात घालवली. आता ते त्याच पावलांनी सभागृहांत शिरतात. आत गेल्यावर त्यांची पहिली नजर दारांवर जाते. बाहेर पडायला दारं किती, पंखे कुठे, खांब कुठे, चहाचा थर्मास भरलेला आहे की नुसता मांडून ठेवलाय. एवढं झालं की ओळीच्या कडेची खुर्ची धरायची आणि खिशातून छोटी डायरी काढायची. रंगमंचावर कोण बसलंय ते त्यानंतर.

ती डायरी मी एकदा चाळली आहे. एका संध्याकाळची नोंद अशी होती: ‘नियोजित वेळ ६.००. प्रत्यक्ष ६.२५. दीपप्रज्वलन, काड्या ९, पंखा बंद केल्यावर २. प्रास्ताविक २३ मि. पाहुण्यांचा परिचय १४ मि. पाहुण्यांनी स्वतः घातलेली भर ६ मि. शाल, श्रीफळ. गायन ४१ मि. आभार १७ मि.’ गाणं कसं झालं, असं विचारलं की अप्पा अगदी प्रामाणिकपणे सांगतात, “पंचवीस मिनिटं उशिरा.”

हसू नका. अंधारात डायरी लिहिणाऱ्या माणसांची पुण्यात थोर परंपरा आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते रीळ रीळ जमवून उभं केलं. सिनेमा चालू असताना छोट्या बॅटरीच्या उजेडात ते वहीत नोंदी करत बसलेले असायचे. फाळक्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ आज निदान काही भाग तरी बघायला मिळतो, तो अशा चिकट माणसांमुळे. अप्पाही चिकटच. फरक एवढाच, की नायरांनी सिनेमे वाचवले आणि अप्पांनी प्रास्ताविकं.

शेऱ्यांच्या चार पायऱ्या आहेत: ‘अवश्य जावे’, ‘जावे’, ‘जाऊन यावे’ आणि ‘जमल्यास जावे’. नव्या भाडेकरूंना ‘जावे’ आणि ‘जाऊन यावे’ यांतला फरक लवकर कळत नाही. ‘जाऊन यावे’मध्ये परत येणं मुख्य, तिथे अर्ध्यातून उठलं तरी कोणी वळून बघत नाही. ‘जमल्यास जावे’ म्हणजे आयोजक ओळखीचा आहे, त्याचं नाव गाळणं बरं दिसलं नसतं. शेराच नसला तर खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत असं समजावं. नमुन्याला एक नोंद देतो: ‘गुरु. सायं. ६. व्याख्यान व सप्रयोग गायन. विनामूल्य. काही जागा राखीव, पण सव्वासहाला त्या सोडतात. तोवर डाव्या खांबाशी उभे राहावे. चहा आधी, नंतर नाही. दुचाकी मागच्या बोळात. जाऊन यावे.’ व्याख्यान कोणाचं आणि गाणार कोण, हे यादीत नव्हतं. मी फोन करून विचारलं. अप्पा म्हणाले, “अरे, ते तिथे गेल्यावर सांगतातच.”

मोबाइल येण्याआधी ही यादी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिली जायची. त्याआधी अप्पा वर्तमानपत्रातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर रोज सकाळी ब्लेडने कापून घ्यायचे. त्यामुळे काकूंनी पानाच्या मागच्या बाजूची बातमी वर्षानुवर्षं पूर्ण वाचलेली नाही. एका मंत्र्याने शेवटी राजीनामा दिला की नाही, हे त्यांना अजून माहीत नाही.

पुण्यात असा माणूस निपजणारच. पाऊस सरत आला की भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका आणि कॉलेजच्या पोरांच्या आरोळ्या सुरू होतात. दिवाळीत पहाटे पाचला लोक अत्तर लावून गाणं ऐकायला बाहेर पडतात. डिसेंबरात सवाई, जानेवारीत चित्रपट महोत्सव. या दिवसांत एकाच संध्याकाळी बालगंधर्वला एक, टिळक स्मारकला दुसरं, कोथरूडच्या यशवंतरावला तिसरं आणि शनिवार पेठेत सुदर्शनला चौथं काहीतरी असतं. सामान्य माणूस यातलं एक निवडतो, किंवा घरी बसून चारही हुकल्याची हळहळ करतो. अप्पांना दोन्ही मंजूर नाही. ते चारही ठिकाणी जातात. मध्ये वाहतूक तुंबली नाही तर.

मागच्या डिसेंबरातल्या सवाईच्या आठवड्याची यादी मी जपून ठेवली आहे.

सोमवारी बालगंधर्व कलादालनात जलरंगांचं प्रदर्शन होतं. मला बरोबर चल म्हणाले. चित्रं कशी पाहावीत याची अप्पांची पद्धत ठरलेली आहे. आधी अभिप्रायवही लिहून टाकायची, म्हणजे मन मोकळं होतं. वहीतला त्यांचा मजकूर गेली कित्येक वर्षं तोच आहे: ‘प्रकाशयोजना समाधानकारक. काही चौकटी तिरक्या. प्रगती आहे.’ मग उजवीकडून सुरुवात करायची, भिंतीला समांतर चालायचं आणि थांबायचं नाही. थांबलं की चित्रकार जवळ येतो. जलरंगांच्या प्रदर्शनात घाट असतोच, जुन्या वाड्याची खिडकी असते, पावसातली छत्री असते आणि एक बैल असतो. अप्पा घाटापाशी चुकून थबकले आणि चित्रकार आलाच. तरुण होता बिचारा, दारापाशी उभं राहून त्याचे पाय दुखत असणार.

“वाई ना?” अप्पांनी विचारलं.

“वाराणसी.”

“पायऱ्या तशाच आहेत,” अप्पा म्हणाले आणि पुढे निघाले. जाता जाता त्यांनी एक चौकट बोटाने सरळ केली. ती मुद्दाम तिरकी लावलेली होती, हे चित्रकाराने आमच्या पाठीमागे कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं.

मंगळवार मुंबईचा. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शनं मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. ‘पहिल्या दिवशी जावे, नंतर चित्रांना लोकांच्या नजरा लागतात,’ असं यादीत होतं. अप्पा सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडतात, साडेदहाच्या आत मुंबईत आणि अकराला जहांगीरच्या दारात. त्या वेळी आत चित्रकार शिडीवर असतो आणि त्याची बायको खालून डावीकडे, अजून डावीकडे, असं म्हणत असते. उद्घाटन संध्याकाळी. संध्याकाळी पाच दहाला मात्र डेक्कन क्वीन परत सुटते आणि ती अप्पांसाठी थांबत नाही. म्हणजे इतक्या वर्षांच्या मंगळवारांत अप्पांनी जहांगीरमध्ये उद्घाटन झालेलं प्रदर्शन पाहिलेलं नाही. काही थोर चित्रकारांची चित्रं त्यांनी मागच्या बाजूने पाहिली आहेत, भिंतीला टेकवून ठेवलेली. त्याबद्दल त्यांना खंत नाही. “समोरून सगळेच बघतात,” ते म्हणतात, “मागे किती तारीख टाकलीय आणि किती किंमत खोडलीय, ते कोणी बघतं का?” तपासनीस खरा. त्या दिवशीच्या अहवालात सगळ्यात लांब परिच्छेद मात्र गाडीच्या डायनिंग कारमधल्या ऑम्लेटवर होता.

बुधवारी सवाई सुरू झालं आणि अप्पांच्या चटईचा मोसम आला.

हे नीट सांगायला हवं. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. आता तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर पाच दिवस चालतो. मागे सोफे आणि खुर्च्या, पुढे भारतीय बैठक. बैठकीतल्या जागांना आकडे नसतात. जो आधी आला आणि ज्याने चटई अंथरली, त्याची जागा. अप्पा पाच दिवसांचं सीझन तिकीट काढतात, दार उघडायच्या आधी रांगेत उभे राहतात, आत धावत नाहीत पण फार भरभर चालतात, आणि मधल्या वाटेपासून चौथ्या रांगेत आपली निळी-पिवळी चटई पसरतात. चार कोपऱ्यांवर पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणि घडी केलेली मफलर. मंगलवाद्य सुरू होतं, अप्पा डायरीत वेळ लिहितात, आणि उठतात. कारण सहा वाजता दुसरीकडे कुठेतरी त्यांच्या यादीतलं दुसरं काहीतरी असतं.

चटई गाणं ऐकते.

अप्पा येऊन जाऊन असतात. स्वारगेटला मेट्रो आल्यापासून तर ते पावणेदोन तासांत एक चित्रप्रदर्शन आणि अर्धं पुस्तक प्रकाशन करून परत येऊ शकतात. पण पाच दिवसांत एखाद्या कलाकाराची बैठक सुरुवातीपासून भैरवीपर्यंत त्यांनी ऐकल्याचं डायरीत मला सापडलं नाही. देशातल्या एकाहून एक गवयांना, सतारियांना, बासरीवाल्यांना त्या चटईने ऐकलं आहे. सोसायटीत खरं तर तिचा सत्कार व्हायला हवा.

रिकामी चटई, तीही चौथ्या रांगेत, ती किती वेळ रिकामी राहणार? बुधवारी संध्याकाळी तिच्यावर एक मुलगा येऊन बसला. हुबळीचा, पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा, पाठीवर सॅक. अप्पा आठच्या सुमारास परतले तेव्हा तो डोळे मिटून बसला होता. अप्पांनी खांद्यावर टिचकी मारली. मुलगा गडबडून उठला, माफी मागितली आणि म्हणाला, “सवाई गंधर्व आमच्या बाजूचे, काका. कुंदगोळचे.”

“असतील,” अप्पा म्हणाले, “चटई माझी आहे.”

पण तपासणी खात्यात माणूस पारखायला शिकवतात. अप्पांनी त्याला विचारलं, मी नव्हतो तेव्हा काय झालं? आणि मुलाने सांगितलं. अप्पांनी लिहून घेतलं. लगेच त्याची नेमणूकही झाली: अप्पा नसतील तेव्हा चटईवर बसायचं, कोपऱ्यावरचे लाडू दोनपर्यंत खायला हरकत नाही, आणि अप्पा आले की तोंडी अहवाल द्यायचा.

गुरुवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर अप्पांचा संदेश आला तो असा: ‘पहिला अर्धा तास काहीच होत नाही असं वाटलं. नुसता सा आणि खालचा नी, परत परत. मग रे. मग गंधार असा लागला, की माझ्या पुढचे गृहस्थ पोहे खात होते त्यांनी डबा बंद केला.’ आम्ही सगळे चाट पडलो. पंचवीस मिनिटं उशीर नाही, आभार नाहीत, काड्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर एक संगीतशिक्षिका राहतात, त्यांचं यमनवर आयुष्य गेलं. त्या तेवढ्या रात्री जिना चढून अप्पांकडे आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “अप्पा, विलंबित किती वेळ गायले हो?”

अप्पांनी डायरी उघडली. “पाच दहा ते सहा बावीस. त्यातली बारा मिनिटं सत्काराची.”

बाई काही न बोलता खाली गेल्या.

त्याच गुरुवारी, मुलगा गंधार ऐकत होता तेव्हा, अप्पा एका फिल्म क्लबच्या खेळाला होते. सिनेमांची शिफारस ते लांबीवर करतात. कुरोसावाचा ‘राशोमोन’ ८८ मिनिटं, म्हणून ‘अवश्य जावे’. त्याचाच ‘सेव्हन समुराई’ २०७ मिनिटं, तिथे ‘शेंगदाणे न्यावेत, जमल्यास जावे’. पण ८८ मिनिटंसुद्धा अप्पांना पेलत नाहीत. सिनेमा सुटल्यावर लॉ कॉलेज रस्त्यावर होणारी गर्दी त्यांना आधीपासून दिसायला लागते. ‘राशोमोन’मध्ये एका खुनाची हकीकत वेगवेगळी माणसं वेगवेगळी सांगतात आणि खरं काय ते शेवटपर्यंत पक्कं होत नाही. अप्पा दरोडेखोराची साक्ष झाल्यावर उठले. बाहेर मला म्हणाले, “खून त्या दरोडेखोरानेच केला. स्वतः कबूल केलंय त्याने. मग पुढे बसायचं कशाला?” जगभरच्या समीक्षकांनी १९५० सालापासून ज्या प्रश्नावर डोकं फोडून घेतलं, तो अप्पांनी पाऊण तासाच्या आत निकाली काढला आणि गाडीही सुखरूप बाहेर काढली.

नाटकांचंही तेच. शुक्रवारी संगीत सौभद्र होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ सालचं, मूळ संहितेत शंभरावर पदं, आणि पूर्वी ते रात्रभर चालायचं. हल्ली बरंच कापून तीन तासांत बसवतात. अप्पांनी ते आणखी कापून मध्यंतरापर्यंत आणलं आहे. शाखेची पहिली सहामाही पाहिली की वर्षाचा अंदाज येतो, हे त्यांचं तत्त्व. तिसरी घंटा ते चुकवत नाहीत, नांदीला मान डोलावतात, मध्यंतरात बटाटेवडा खातात आणि वड्याचा कागद टाकायला म्हणून जे बाहेर पडतात ते थेट मुकुंदनगरला. इतकी वर्षं सौभद्र पाहूनही अप्पांच्या हिशेबी सुभद्रेचं लग्न अजून व्हायचं आहे. प्रायोगिक नाटकांवर मात्र त्यांचा राग. त्यांना मध्यंतर नसतं. छोट्या नाट्यगृहात, प्रेक्षकांच्या गुडघ्यांवरून, नटाच्या नजरेसमोरून उठून जाणं अप्पांनाही जमत नाही. अशा एका नाटकात ते एकदा सलग सव्वा तास सापडले होते. त्यानंतर दोन दिवस ते कमी बोलत होते, असं काकू सांगतात.

काकूंबद्दल थोडं. काकू यादी वाचत नाहीत. त्या वर्षातून चारदोन ठिकाणी जातात, गेल्या की उठत नाहीत आणि आल्यावर कुणाला काही सांगत नाहीत. शुक्रवारी मी त्यांना विचारलं, अप्पांनी कधी एखादं गाणं पूर्ण ऐकलं आहे का?

“एकदा,” काकू म्हणाल्या. “रमणबागेत.”

तेव्हा सवाई रमणबागेत व्हायचं आणि रात्रभर चालायचं. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम अजून कडक झाला नव्हता. थंडीत शाली, कानटोप्या, थर्मास घेऊन लोक बसायचे आणि शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता भीमसेन गायचे. सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लागायची आणि मग लोक उठायचे. त्या रात्री अप्पांना दोन वाजता निघायचं होतं. सकाळी कुठल्याशा प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. पण पीएमटीची शेवटची बस गेली होती, रिक्षावाले झोपले होते, आणि स्कूटरची किल्ली काकूंच्या पर्समध्ये होती. पर्स त्यांनी मांडीखाली घेतली होती.

“मग?”

“मग काय, बसले. जाणार कुठे?”

मी त्या वर्षीची डायरी मागितली. काकूंनी कपाटातून काढून दिली. अप्पांची सगळी वर्षं तिथे सालवार रचलेली आहेत. त्या तारखेच्या पानावर दोनपर्यंतच्या सगळ्या नोंदी आहेत, कोण किती वाजता बसलं, कोण किती वाजता उठलं. दोननंतर काही नाही. खाली चहाच्या कपाचा एक गोल डाग आहे आणि त्यात पुढच्या आठवड्याच्या वाणसामानाची बेरीज.

दहाच्या नियमाने पुण्याच्या कित्येक रसिकांची रात्र गेली. अप्पांना मात्र त्याने मोकळं केलं. आता कुठलंच गाणं इतकं लांबत नाही, की शेवटची गाडी चुकेल.

सवाईत एक दिवस मात्र रात्री बारापर्यंत परवानगी असते, तो शनिवार. या शनिवारी यादीत ‘अवश्य जावे’ होतं आणि अप्पांनी मलाही बरोबर घेतलं. संध्याकाळी दोन ठिकाणं उरकून आम्ही साडेनऊला मैदानावर पोचलो. बैठक खचाखच भरलेली. माणसांच्या पाठी, डबे, उश्या, झोपलेली पोरं ओलांडत आम्ही चौथ्या रांगेशी गेलो. निळी-पिवळी चटई होती. तिच्यावर मुलगा होता. आणि मुलाच्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, बुधवारपासून रोज तिथेच बसणारं एक छोटं गाव वसलं होतं. सांगलीचं एक जोडपं, निवृत्त पोस्टमास्तर, डोंबिवलीच्या दोघी बहिणी. मुलाच्या हातात त्यांच्यापैकी कुणाची तरी थालीपिठं होती.

अप्पा चटईवर पाऊल ठेवणार तोच पोस्टमास्तर म्हणाले, “अहो, ही जागा धरलेली आहे.”

“माहीत आहे. माझी आहे.”

“तुमची कशी? हा मुलगा बसतो इथे. रोज. आम्ही चार दिवस बघतोय.”

“चटई माझी आहे,” अप्पा म्हणाले.

“तुम्हाला कधी पाहिलं नाही बुवा,” सांगलीच्या बाई म्हणाल्या. एक बहीण दुसरीला हळूच म्हणाली, “असे येतात बघ शेवटी शेवटी आणि म्हणतात आमचीच.”

अप्पांनी सीझन तिकीट काढलं. तिकीट सगळ्यांकडेच होतं. अप्पांनी डायरी काढली आणि बुधवारचं पान उघडून दाखवलं: चटई अंथरली, २.४७. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून ते पान नीट वाचलं. सरकारी माणूस, कागदाला मान देणारा. मग त्यांनी विचारलं, “बरं, मग गुरुवारच्या गवयाने काय गायलं?”

अप्पा गप्प. मुलगा म्हणाला, “काका, यमन. तुम्ही लिहून घेतलंय.”

“यमन,” अप्पा म्हणाले.

तोपर्यंत मागून ‘बसा, बसा’ सुरू झालं होतं. मुलगा सरकला, मी अर्धा मातीत बसलो, अप्पा चटईच्या कडेवर. स्वरमंडळाच्या तारा छेडल्या गेल्या. अप्पांनी सवयीने मान वळवून बाहेरची वाट पाहिली. वाट नव्हती. चारी बाजूंना गुडघे होते, आणि सगळे गुडघे त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. त्या रात्री बारापर्यंत अप्पा हलले नाहीत. अधूनमधून ते घड्याळाकडे हात न्यायचे आणि पोस्टमास्तर त्यांच्याकडे बघायचे. तिहाई झाली की सांगलीच्या बाई हात वर करून दाद द्यायच्या आणि अप्पांना ढोसायच्या, तेव्हा अप्पाही हात वर करायचे, थोडा उशिरा. मध्ये कुठेतरी त्यांना थालीपीठ मिळालं. तेवढ्यापुरतं तरी गावाने त्यांना सामावून घेतलं.

येताना गाडीत मी विचारलं, “कसं झालं?”

“लांबलं,” अप्पा म्हणाले. मग स्वारगेटचा चौक ओलांडल्यावर आपणहून म्हणाले, “थालीपीठ चांगलं होतं.” रविवारी दुपारी बारा वाजता ते पुन्हा चटईवर हजर होते. साडेबाराला कलादालनातल्या प्रदर्शनाच्या समारोपाला गेले. अहवाल मुलाने दिला.

जूनमध्ये मुलाला बंगळूरूला नोकरी लागली. तो पेढे घेऊन अप्पांना भेटायला आला, वाकून नमस्कार केला आणि गेला. त्याला निरोप देऊन अप्पा पायऱ्या उतरून माझ्या दारात आले. बरंच काही बोलले. यंदा पावसाळा लांबणार, यशवंतरावला पार्किंगचे हाल आहेत, जलरंगवाल्या पोराने आता अमूर्त सुरू केलंय. निघताना दारात थांबले.

“डिसेंबरात सुट्टी मिळते ना रे तुला?”

मिळते, म्हणालो.

“कान बरे आहेत?”

“हो.”

“मांडी घालून किती वेळ बसता येतं?”

मी म्हटलं, दोन तास तरी सहज.

अप्पांनी डायरी काढली, तारीख घातली आणि मला जमिनीवर बसून दाखवायला सांगितलं.